पत्रांचा ढीग आणि दफ्तराची शिस्त

सकाळी कचेरीत जाऊन बसावे, संगणक उघडावा, आणि रात्रीतून येऊन पडलेली चाळीस-पन्नास पत्रे ओळीने उभी दिसावीत, हा अनुभव आज नोकरी करणाऱ्या कुणाला नाही? त्यांत एखादे साहेबांचे, दोन-तीन गिऱ्हाइकांची, दहा-बारा नुसती माहितीसाठी म्हणून पाठविलेली, आणि उरलेली कुणी का पाठविली हे पाठविणाऱ्यालाच ठाऊक! ती चाळता चाळता अकरा वाजतात. ज्या कामासाठी आपण कचेरीत आलो त्याला अजून हातही लागलेला नसतो. संध्याकाळी घरी निघताना मनाला एक रुखरुख लागून राहते, ती ही की दिवसभर राबलो खरे, पण केले काय?

आपल्याला वाटते की हे दुखणे ई-मेलबरोबर आले. पण खरे सांगायचे तर ई-मेल हे नवे वाहन आहे, दुखणे जुनेच आहे. जिथे जिथे माणसांनी मोठा कारभार मांडला तिथे तिथे पत्रांचा ढीग साचला, आणि तो उपसायचा कसा हा प्रश्नही उभा राहिला. या प्रश्नाशी आपल्याच पुण्यात, अडीचशे वर्षांपूर्वी, शनिवारवाड्यातल्या कारकुनांनी कशी झुंज घेतली, ते पाहण्यासारखे आहे. लढायांच्या इतिहासात हे कारकून दिसत नाहीत. तलवारीचे पोवाडे झाले. बोरूचा पोवाडा कोण गाणार? पण त्या बोरूवाचून तलवारीला दाणापाणी मिळाले नसते, हेही तितकेच खरे.

पेशव्यांच्या कचेरीत रोज काय काय येऊन पडत असेल, याची कल्पना करून पाहा. दिल्लीच्या आणि हैदराबादच्या वकिलांची बातमीपत्रे, ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, बडोदे इथल्या सरदारांचे लखोटे, कोकणातल्या किल्लेदारांच्या मागण्या, मामलेदारांचे हिशेब. त्यांच्या जोडीला पाटीलकीचे तंटे, देशमुखीचे वाद, दुष्काळात सूट मागणाऱ्या रयतेच्या अर्ज्या. जासूद मजल दरमजल करीत यायचा, थैली टाकायचा आणि उत्तरासाठी दाराशी बसून राहायचा. म्हणजे, आजच्यासारखी घाई तेव्हाही होतीच हो!

मग हे निभावले कसे? कुणी म्हणेल, तेव्हाची माणसेच बुद्धीने तल्लख. याच्या पुष्ट्यर्थ बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका सांगतात. शिवाजी महाराजांनी एक पत्र लिहून ठेवायला सांगितले होते. बाळाजींना सवड झाली नाही. रात्री महाराजांनी पत्र वाचायला सांगितले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र घडाघडा वाचून दाखविले, अशी ती गोष्ट. ती आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावीही. पण तिच्यावरून कारभार स्मरणशक्तीवर चालत होता असे मात्र कुणी समजू नये. बाळाजी आवजी दर पिढीला जन्माला येत नाहीत. म्हणून शहाण्या राज्यकर्त्यांनी कारभार एकाच्या डोक्यात न ठेवता कागदावर ठेवला, आणि कागद कुठे ठेवायचा याचा नियम बांधून दिला. त्या काळच्या व्यवस्थेचे मर्म मला यातच दिसते.

या नियमांतली पहिली गोष्ट पत्र हाती येण्याच्या घटकेपासून सुरू होते. जुन्या मोडी पत्रांवर मूळ तारखेखेरीज आणखी एक तारीख पुष्कळदा आढळते. तिच्यामागे 'पैवस्ती' या शब्दाचे 'पै' असे संक्षिप्त रूप घातलेले असते. पैवस्ती म्हणजे पत्र पावले ती तारीख. पत्र लिहिले केव्हा आणि पोचले केव्हा, या दोन्ही गोष्टी कागदावरच कळाव्यात, अशी ही योजना. तुम्ही म्हणाल, आज ही वेळ यंत्रच घालते. घालते खरे. पण कारकून जेव्हा पैवस्तीची तारीख घाली, तेव्हा ते पत्र एका जिवंत माणसाच्या नजरेखालून गेलेले असे, आणि पुढची जबाबदारी कुणाची हे ठरलेले असे. आज पत्र येऊन पडते. त्याची जबाबदारी घेतली कुणी, हे ना पाठविणाऱ्याला ठाऊक, ना ज्याला आले त्याला.

दुसरी गोष्ट पत्राच्या बांधणीची. जुन्या पत्राचा मायना लांबलचक असे, याची आपण थट्टा करतो. परंतु त्या बांधणीत सोय होती. आरंभी पदव्या, नमस्कार आणि कुशल. मग 'विशेष' हा शब्द. आणि त्याच्यापुढे कामाचा मजकूर. सराईत कारकुनाची नजर मायन्यावरून घसरत नेमकी 'विशेष'वर जाऊन थांबत असली पाहिजे. मजकुरात अनेक मुद्दे असले तर त्यांची निरनिराळी कलमे पाडीत. उत्तर देणाराही 'तुम्ही अमुक लिहिले, त्यास' असे म्हणून एकेका मुद्द्याचा समाचार घेई. मागण्यांची यादी आली तर पुष्कळदा त्याच यादीवर, एकेका कलमाखाली, निर्णय लिहिला जाई. म्हणजे प्रश्न एका कागदावर आणि उत्तर दुसऱ्यावर, अशी शोधाशोध नको. आजच्या एका ई-मेलमध्ये चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर फक्त पहिल्याचे यावे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या कलमांची किंमत सांगायला नको.

तिसरी गोष्ट जाणाऱ्या पत्राची. शिवकालीन अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, मुख्य काम राजपत्रे तपासण्याचे होते. मजकुरात कमीअधिक काही असेल तर ते दुरुस्त केल्यावाचून पत्र पुढे जायचे नाही. दफ्तरात नोंद झाली की पत्रावर 'बार' असा शेरा पडे. आणि शेवटी, जिथे मजकूर संपला तिथे, एक लहान शिक्का उठवीत. त्याला मोर्तब म्हणत. महाराजांच्या मोर्तबावरची अक्षरे होती 'मर्यादेयं विराजते', म्हणजे इथे मर्यादा शोभते आहे. पुढे पेशवाईतल्या पत्रांवर 'लेखनसीमा' अशीही अक्षरे येतात. शिक्क्यानंतर कुणी एक ओळही घुसडू नये, हा त्याचा व्यावहारिक हेतू. पण शब्द किती सुंदर आहे पाहा! लेखनालाही सीमा असते आणि ती लिहिणाऱ्याने स्वतः आखायची असते. पत्र संपले, त्यावर मोर्तब झाले, आता त्याचा विचार पुरे. 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण आजही एखादी गोष्ट कायमची ठरली की म्हणतो, ते उगीच नाही.

आता दफ्तराच्या मांडणीकडे वळू. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर आणि दुसरे एकबेरीज दफ्तर. यालाच काही ग्रंथांत एलबेरीज म्हटले आहे. ज्या कामांचा निकाल व्हायचा आहे ती चालत्या दफ्तरात, फडणिसांच्या नजरेखाली. आणि ठिकठिकाणचे हिशेब जमवून, वर्गवारी लावून, हवे तेव्हा हाती लागतील असे जपून ठेवायचे ते दुसऱ्या दफ्तरात. रोजच्या घडामोडी रोजकीर्दीत त्याच दिवशी चढत. रोजकीर्दीवरून खतावणी होई, आणि खतावणीवरून ताळेबंद. कागद एकत्र करून त्यांचे पुडके बांधायचे आणि कापडाच्या चौकोनी तुकड्यात गुंडाळून ठेवायचे. या गाठोड्याला रुमाल म्हणत. आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दफ्तर' म्हणून जे ४५ खंड प्रसिद्ध केले, ते त्या सागरातली केवळ ओंजळ होय.

या दफ्तराला उत्तम वळण लागले ते नाना फडणिसांच्या काळात. नानांचा जन्म १७४२चा. अवघ्या चौदाव्या वर्षी, १७५६ साली, फडणिशी त्यांच्याकडे आली आणि १८०० साली मृत्यू येईपर्यंत कागदांशी त्यांचा संबंध सुटला नाही. नानांची मुत्सद्देगिरी आपण वाखाणतो. पण पुष्कळ अंशी ती वेळेवर कागद हाती लागण्याची मुत्सद्देगिरी होती. नानांच्या वेळी हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत होते, असे पेशवाई बुडाल्यावर दफ्तराची पाहणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच नमूद केले आहे.

आणि त्याच पाहणीत पुढची गोष्टही आली आहे. ती वाचताना मन विषण्ण होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत या दफ्तराकडे दुर्लक्ष झाले. नोंदी नीट होईनात. ज्याला हवा त्याने कागद उचलून न्यावा, अशी गत झाली. इमारत तीच, रुमाल तेच, नियमही कुणी रद्द केलेले नव्हते. फक्त रोजचा कागद रोज जागेवर लावण्याची सवय तेवढी सुटली. दफ्तर काही एका दिवसात बिघडत नाही. आज एक कागद उद्यावर टाकला, उद्या दोन टाकले, असे करीत करीत एक दिवस दफ्तराचा ढीग होतो. ढिगात सगळे असते, पण हवे ते कधीच सापडत नाही.

याचे परिणाम कुणाला भोगावे लागले? १८१७च्या नोव्हेंबरात पुणे पडले आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. त्यांनी ते जपले, ते इतिहासाच्या प्रेमाने म्हणून नव्हे. कोणती जमीन इनाम आणि कोणती नाही, हे ठरवायला त्यांना ते हवे होते. १८५२ साली इनाम कमिशनचा कायदा झाला. पिढ्यान् पिढ्या जमीन खाणाऱ्या घराण्यांना विचारण्यात आले की, तुमचा कागद दाखवा. ज्यांचा हक्क कागदाने शाबीत झाला त्यांचे निभावले; बाकीच्यांची इनामे गेली. अशी हजारो इनामे सरकारजमा झाली. एखाद्या घराचे शेत जावे की राहावे, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने एक कागद रुमालात नीट बांधला होता की नाही, यावर अवलंबून राहिले! आपल्या पुढ्यातले पत्र कुणाचे तरी काम असते, कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो, हे त्या कारकुनाला त्या क्षणी दिसले नसेल. आपल्यालाही ते नेहमी दिसत नाही.

इंग्रजी अमलात नवे कायदे आले, नवी कपाटे आली. पण आपल्या जुन्या शब्दांनी काही जागा सोडल्या नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत बाहेरचे टपाल ज्या शाखेत नोंदले जाते तिला आजही बारनिशी म्हणतात. पत्रावर उठणारा तो जुना 'बार' असा नावातून जिवंत आहे. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत आणखी एक पद्धत कारकुनाला शिकवितात. तिचे नाव सहा गठ्ठे पद्धत. टेबलावरचे सगळे कागद सहाच गठ्ठ्यांत बांधायचे. पहिला गठ्ठा आज ज्यांवर काम करायचे त्यांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेल्या प्रकरणांचा. तिसरा ठरलेल्या मुदतीला पाठवायच्या नियतकालिक अहवालांचा. चौथा स्थायी आदेशांचा, जो हाताशी लागतोच. पाचवा निकाल होऊन अभिलेख कक्षात जायच्या कागदांचा. आणि सहावा मुदत भरली की नष्ट करायच्या कागदांचा. सातवा गठ्ठा नाही. 'नंतर बघू' या नावाचा गठ्ठा कुणीही मंजूर केलेला नाही, ही यातली खरी मेख! १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी आणि अभिलेखांची व्यवस्था लावून दाखविली, ती लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गाजली. तिच्या मुळाशीही तत्त्व हेच होते की, प्रत्येक कागदाला जागा हवी, आणि मागितला की तो सापडला पाहिजे.

इतके पाहिल्यावर आता ई-मेलकडे या. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून शेजारच्याच संगणकावर, जाळ्यामार्फत, पहिला निरोप धाडला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध वाटोळे चिन्ह घालायची कल्पना त्याचीच. पहिल्या निरोपात काय लिहिले होते, हे पुढे त्याला स्वतःलाही आठवेना. बारनिशी नसली की असे होते! आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि हळूहळू ही पत्रे कचेऱ्यांतून घरोघर पोचली. २००४ साली जीमेल आले, ते एक गिगाबाइट जागा घेऊन. त्या काळी ही जागा इतकी अफाट वाटली की, पत्र खोडण्याची गरजच उरली नाही असे लोकांना वाटू लागले. म्हणजे सहावा गठ्ठा त्याच दिवशी बंद पडला म्हणायचा.

माझ्या मते मोठा बदल दोन ठिकाणी झाला. पूर्वी पत्र पाठवायला खर्च येई. जासूद पाठवायचा तर त्याचा रोजमुरा द्यावा लागे, म्हणून माणूस विचार करून लिही. आज पाठविणाऱ्याला काहीच पडत नाही. एका पत्राच्या वीस प्रती वीस जणांना क्षणात जातात, आणि सगळी किंमत वाचणारा आपल्या वेळेने भरतो. दुसरा बदल असा की, नानांच्या मागे दोनशे कारकून होते. आपल्यामागे कुणी नाही. जासूद, बारनिशी कारकून, चिटणीस, सुरनीस आणि फडणीस ही पाचही कामे आज एकाच खुर्चीवरचा एकच माणूस करतो, आणि तीही एकाच वेळी. मग तो थकतो यात नवल काय? आपण आळशी आहोत म्हणून ढीग साचतो, असे मनाला लावून घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

यावर शास्त्रज्ञांनीही प्रयोग केले आहेत. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी कचेरीतल्या तेरा जणांचा ई-मेल पाच दिवस बंद ठेवला आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ताण कमी झाल्याचे दिसले आणि माणसे हातातल्या एका कामावर अधिक वेळ टिकली. २०१५ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच पत्रे पाहायला सांगितली आणि दुसरा आठवडा मोकळीक दिली. मोकळीक असलेल्या आठवड्यापेक्षा बंधनाच्या आठवड्यात मने अधिक निवांत राहिली. आपल्या जुन्या माणसांनी हे प्रयोग केले नव्हते. पण फडावर बसायची वेळ आणि फड उठायची वेळ त्यांना ठाऊक होती.

तेव्हा वाचकहो, या इतिहासातून उचलायचे काय? फार नाही, चार गोष्टी. पत्रे पाहायला दिवसातून दोन-तीन वेळा ठरवून बसा. दर घंटीला उठून दाराशी जासूद आला का, हे पाहायला जाऊ नका. पत्र उघडले की त्याचा गठ्ठा तिथल्या तिथे ठरवा: आजचे काम, वाट पाहायचे, मुदतीचे, हाताशी ठेवायचे, दफ्तरी दाखल करायचे किंवा टाकून द्यायचे. जे दोन ओळींत निभते त्याचे उत्तर लगेच द्या. स्वतः लिहिताना 'विशेष' काय ते वरच्या विषयाच्या ओळीत सांगा, मुद्दे अनेक असतील तर कलमे पाडा, आणि ज्याला कामच नाही त्याला प्रत धाडू नका. दुसऱ्याचा ढीग वाढविणे ही काही कामसूपणाची खूण नव्हे. आणि चौथी गोष्ट म्हणजे लेखनसीमा. दिवसाच्या अखेरीस कुठेतरी मोर्तब करा. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०१७ पासून यासाठी कायदाच लागू झाला. कामाची वेळ संपल्यावर कचेरीच्या निरोपांपासून अलग राहण्याचा नोकरदाराचा हक्क त्यात मानला आहे. आपल्याकडे कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शिक्का आपल्याच हाती आहे.

यातले एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते रोज करणे. नानांचे दफ्तर आणि बाजीरावाचे दफ्तर यांत कागदांचा फरक नव्हता, तो रोजच्या सवयीचा होता. आपल्या संगणकातही ही दोन्ही दफ्तरे शेजारी शेजारी वसलेली आहेत. उद्या सकाळी पहिले पत्र उघडाल तेव्हा त्यांतले कोणते चालवायचे, ते तुम्हीच ठरवायचे आहे. बहुत काय लिहिणे?